खिडकी पुसणारी बाई आणि आमचा कूलर

आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाले वाटीन की शेवटी मले सगळं समजलं असन. नाई समजलं. मी इंग्लिश लिटरेचर घेऊन बीए करून राह्यली, दुसरं वर्ष चालू आहे, अन् हे कोणालेही सांगतलं की समोरचा माणूस लगेच म्हणते, "अरे वा, मंग फाडफाड बोलत असशीन!" फाडफाड कायचं हो. आमच्या वर्गात सात पोरी अन् दोन पोरं. मॅडम आल्या की नऊच्या नऊ जण मान खाली घालून वहीत तारीख लिहितो. मॅडमनं काही इचारलं की तीच तारीख पुन्हा गिरवतो.

घर आमचं मोताळ्याले, कॉलेज बुलढाण्याले. सकाळी एसटीनं राजूरचा घाट चढायचा, दुपारी उतरायचा. पप्पाचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. इहिरीवरची मोटर जळाली, पंखा बंद पडला, कूलर गुरगुरू लागला की लोक पप्पाकडे घेऊन येतात, अन् पप्पा जळालेली तार काढून नवी गुंडाळून देतात. पप्पाचं सगळ्या जगाबद्दल एकच मत आहे. मोटर एकतर चालते, नाहीतर चालत नाही. मधातलं काही नसते.

मी मात्र पूर्ण मधातच बसलेली.

लिटरेचर घेतलं कसं, तर बारावीत इंग्लिशले मार्क चांगले होते. ऍडमिशनच्या टेबलावर इचारलं, मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता? मागं भली मोठी लाइन. मी म्हणली, "इंग्लिश." मले वाटलं तीन वर्षांत बोलता येईन, कुठंही नोकरी लागीन. पहिल्याच आठवड्यात समजलं की इथी इंग्लिश शिकवतच नाहीत! ते येते असं धरून चालतात, अन् डायरेक्ट कविता.

इकडे गल्लीत माझं नाव झालं. एक दिवस आमच्या मागच्या गल्लीतले काका सोयाबीनवर फवारायच्या औषधाची बाटली घेऊन दारात उभे. "वाच बरं बाई, पंपाले किती टाकू?"

बारीक बारीक अक्षरं. मी वाचू लागली, एका ओळीतले दोन शब्द समजले, बाकीचे दहा मी जन्मात पाह्यले नव्हते. मी बाटली फिरवली तर मागून मराठीतला कागद चिकटवलेला. तो वाचून दाखवला.

काका म्हणे, "हे तं मलेही वाचता येते. मंग कॉलेजात कायचं शिकवून राह्यले तुले?"

"कविता."

"कायची?"

"खिडकीची. एक बाई खिडकी पुसते."

काकानं बाटलीकडे पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं. "बरं," म्हणे. अन् गेले. त्या "बरं"नं मले आठ दिवस झोप नाही... म्हणजे झोप आली, पण ते "बरं" डोक्यातून गेलं नाही. कारण मलेही तोच प्रश्न होता. ती बाई खिडकी पुसते, तर मी काय करू?

कविता चौदा ओळींची. बाहेर बर्फ पडलेला, एक बाई फडकं घेऊन खिडकीची काच पुसते. एक कोपरा झाला की दुसरा, मंग पुन्हा पह्यला. पूर्ण कवितेत ती एकदाही बाहेर पाहत नाही. शेवटच्या दोन ओळींत तिचा श्वास काचेवर बसते अन् ती हातात फडकं घेऊन तशीच उभी राहते. संपली. एकही शब्द अडत नव्हता! विंडो म्हणजे खिडकी, क्लॉथ म्हणजे फडकं, सगळं येते. तरी कविता अडूनच बसलेली, घाटात बस बसते तशी.

मंग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. गाइड घेतलं. एकीनं घेतलं, बाकीच्यांनी झेरॉक्स मारली. गाइडमधी लिहिलं होतं की खिडकी म्हणजे मृत्यू. बर्फ म्हणजेही मृत्यू. फडकं म्हणजे माणसाचे व्यर्थ प्रयत्न. मी खूश! सापडलं बाप्पा. बसमधी घाट चढता चढता पाठ केलं, वळणावर मळमळलं तरी पाठ केलं, अन् टेस्टमधी जसंच्या तसं उतरवलं.

मॅडम नवीनच आलेल्या, कोल्हापूरकडच्या. बोलणं एकदम पुस्तकासारखं. त्यांनी नऊ पेपर टेबलावर पत्त्यांसारखे मांडले अन् म्हणाल्या, "नऊ जणांनी मला एकच उत्तर लिहून दिलंय. स्वल्पविरामासकट. मी हे नऊ वेळा का तपासू?"

नऊ जणांले शून्य. अन् वरून सांगतलं, दसऱ्यानंतर प्रत्येकानं समोर उभं राहून याच कवितेवर पाच मिनिटं बोलायचं. कागद नाही, गाइड नाही. त्याचेच इंटर्नलचे मार्क. जो उभाच राहणार नाही तो नापास.

घरी आली, पप्पाले सांगतलं. पप्पा एका मोटरीत तार भरत होते. मान वर न करता म्हणाले, "समजत नाही का तुले?"

"समजते हो. म्हणजे शब्द समजतात."

"मंग?"

"मंग काय समजलं ते नाही समजत."

पप्पाचा हात थांबला. "हे पाह्य माय, जळालेली मोटर मी गिऱ्हाइकाले महिनाभर लटकवत नाही. नाही होत तं नाही होत, नेऊन टाक म्हणतो. विषय बदलता येते का?"

येत होता. दिवाळीच्या सुट्टीआधी अर्ज दिला तर मेजर बदलून भेटते, अशी नोटीस लागलेली. मी अर्ज आणला. भूगोल लिहिलं. पप्पानं सही केली, काळं ग्रीस लागलेला अंगठा कोपऱ्यात उमटला. तो अर्ज मी गाइडच्या पानात ठेवून दिला अन् ठरवलं, बोलायच्या दिवसापर्यंत वाट पाहू. त्या दिवशी बोलता आलं तर ठीक, नाहीतर मधल्या सुट्टीत ऑफिसमधी जाऊन अर्ज देऊन द्यायचा. भूगोलात नकाशा तरी असते. नदी कुठून कुठं जाते ते काढून दाखवता येते. पण खरं सांगू का, मले ती बाई सोडून जायचं नव्हतं. समजत नव्हती तरी.

तेव्हा भुलाबाई बसलेल्या होत्या. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी भुलोबा-भुलाबाई मांडतात, संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणे म्हणतात, अन् शेवटी त्या घरचा खाऊ ओळखायचा. डब्यात काय आहे ते घरवाली पोरगी सांगत नाही. डबा कानाशी हलवून दाखवते. बाकीच्या इचारतात, गोड की तिखट? ओला की कोरडा? मंग ओरडून ओरडून नावं घ्यायची. कोणीच ओळखला नाही तर त्या घरचा मान. म्हणून आया मुद्दाम इचित्र इचित्र खाऊ करतात.

माझी लहान बहीण डबा घेऊन ओट्यावर बसलेली, समोर दहा-बारा पोट्ट्या.

"गोड का तिखट?"

"गोड बी नाही अन् तिखट बी नाही!"

"असं कसं वं? चीटिंग करते हे!"

"खारे शेंगदाणे!"

"नाई!"

"हलव, हलव, पुन्हा हलव!"

मी बाजूले गाइड घेऊन बसलेली अन् एकदम डोक्यात टण्णकन वाजलं. अरे, हेच तर! कविता म्हणजे डबा. आत एक काहीतरी आहे. मॅडमले माहीत आहे, आमाले नाही. आम्ही नुसता हलवून राह्यलो. मॅडमनं हिंट दिली की झालं!

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडम म्हणाल्या, "कुणीतरी काहीतरी बोला. काहीही. ती बाई बाहेर का पाहत नाही?"

मी उभी राह्यली. पूर्ण वर्षात पह्यल्यांदा. अन् म्हणली, "मॅडम, हिंट द्या ना. गोड की तिखट?"

पूर्ण वर्ग हसत सुटला. एक पोरगा बेंचवर हात आपटून हसून राह्यला. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच नाही, त्यांच्याकडे भुलाबाई नसतेच. मंग मले सगळं समजावून सांगावं लागलं, डबा, खाऊ, हलवणं, सगळं. मॅडम टेबलाले टेकून ऐकत होत्या.

"म्हणजे तुला वाटतं मी डबा घेऊन बसले आहे?"

"हो मॅडम. अन् गाइडवाल्यानं झाकण उघडून पाह्यलेलं आहे."

आता मॅडमही हसल्या. मंग म्हणाल्या, "आणि डबा घेऊन बसलेल्या मुलीलाच माहीत नसेल आत काय आहे, तर?"

"असं होत नाही मॅडम," म्हणून मी खाली बसली.

पण झालं होतं! परतीच्या बसमधी घाट उतरता उतरता आठवलं. मी चौथीत होती. आई सोयाबीन सोंगायले गेलेली, घाईघाईत डबा फडक्यात बांधून ठेवून गेली अन् मले सांगायचंच राहून गेलं. गाठ अशी बांधलेली की मी उघडली तर पुन्हा तशी बांधता येईना. पोरी आल्या. मले लाज वाटली की माझ्याच घरचा खाऊ मले माहीत नाही. म्हणून जे जे नाव येईन त्याले मी "नाई" म्हणत गेली. एकदम ठसक्यात. माझी मैत्रीण म्हणे, "चिवडा." मी म्हणली, "नाई." सगळ्या हरल्या. गाठ सोडली तर चिवडा.

ती मैत्रीण दिवाळीपर्यंत बोलली नाही माझ्याशी. "खोटारडी," म्हणे. मी खोटं नव्हती बोलली हो! मले माहीतच नव्हतं. पण ते तर खोट्याहून वाईट झालं.

आता मले नवीनच भीती. मॅडम पण "नाई, नाई" तशाच म्हणत असतीन तर?

घट बसायच्या आधी घर साफ करायचं म्हणून पप्पानं कूलर काढला. होळीपासून तो खिडकीत बसलेला असते. आमच्या घराले समोरून एकच खिडकी, अन् उन्हाळ्यापासून तिथी खिडकी नसतेच, कूलरच असते. गावभरचे कूलर वेळेवर काढून ठेवणारे पप्पा स्वतःच्या घरचा मात्र घट बसायच्या दोन दिवस आधी काढतात. मी एका बाजूनं धरला, पप्पानं दुसऱ्या. कूलर निघाला अन् खोलीत असा उजेड पडला की गादीवरची चादर कोणत्या रंगाची आहे ते मले नव्यानं समजलं.

आई ओलं फडकं घेऊन आली. कठडा पुसला. गज पुसले, एक एक गज वरून खालपर्यंत. मंग पुन्हा कठडा. फडकं पिळलं, पुन्हा पह्यल्या गजापासून.

मी कूलरची जाळी हातात धरून तशीच उभी.

"आई."

"काय वं?"

"तू बाहेर काऊन नाही पाह्यलं?"

"कुठं बाहेर?"

"खिडकीतून. इतक्या महिन्यांनी खिडकी उघडली, अन् तू एकदाही बाहेर नाही पाह्यलं."

आईनं माझ्याकडे असं पाह्यलं जसं मले ताप आहे. "बाहेर का हाय? तुया मोठ्या आईच्या घराची भिंत हाय. मले का माहीत नाही का?"

"मंग पुसून काऊन राह्यली?"

"मंग का घाण ठेवू? इचारते काय पोट्टी! जाळी ठेव खाली, गाळ सांडून राह्यला सगळा."

सांडला होता. माझ्या पायावर.

दसऱ्यानंतरचा सोमवार. माझा नंबर चौथा. अर्ज गाइडमधी, गाइड बॅगमधी, बॅग बेंचवर. पह्यल्या तिघांनी गाइडच सांगतलं पण शब्द बदलून. मॅडम नुसत्या "हं" म्हणत होत्या.

मी समोर गेली. इंग्लिशमधी सुरू केलं. "माय मदर क्लीन्स द विंडो. शी डझ नॉट लुक. बिकॉज शी नोज." इतकं झालं अन् इंग्लिश संपलं. पाच मिनिटांतले चार मिनिट चाळीस सेकंद बाकी! मी मॅडमकडे पाह्यलं. त्या म्हणाल्या, "मराठीत बोल, नंतर बघू."

मंग मी बोलली. कूलर सांगतला, उजेड सांगतला, मोठ्या आईची, म्हणजे मोठ्या काकूची, भिंत सांगतली. गाइडमधी खिडकीत मृत्यू आहे, पण आमच्या खिडकीत कूलर आहे. आईले बाहेर काय आहे ते माहीत आहे म्हणून ती पाहत नाही. तिले दुःख नाही झालं, ती घाबरली पण नाही. तिचं काम खिडकीशी आहे, खिडकीच्या बाहेरच्याशी नाही. या बाईचंही तसंच असन. रोजचाच बर्फ आहे तिचा. आपण काऊन म्हणायचं की ती कोणासाठी रडून राह्यली?

तो बेंच आपटणारा पोरगा म्हणे, "मॅडम, कवितेत बर्फ आहे. यात कूलर कुठून आला?"

"बर्फावरूनच आला बे," मी म्हणली, "तुले थंड नाही लागत का?" वर्ग हसला.

मॅडमनं पुस्तक मिटलं. मंग म्हणाल्या, "मी ही कविता आधीच्या कॉलेजातही शिकवली आहे. दर वेळी मी सांगायचे की ती कुणाची तरी वाट पाहते आहे, आणि कुणी येत नाहीये हे दिसू नये म्हणून ती बाहेर बघत नाही. तिला सगळं माहीत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

"मंग बरोबर कोणतं मॅडम?"

"मला नाही सांगता येणार."

मले इतका राग आला! तीन महिने आम्ही डबा हलवून राह्यलो, अन् ही बाई म्हणते मले माहीत नाही. मी म्हणली, "मॅडम, तुम्हालेच माहीत नाही तर आम्ही काय करायचं?"  मॅडम चिडतीन असं वाटलं.

त्या म्हणाल्या, "पास आहेस तू. पण शेवटच्या दोन ओळींचं तू काहीच केलं नाहीस. तिचा श्वास काचेवर बसतो. बाहेर काही पाहायचंच नाही, तर ती काचेच्या इतकी जवळ का गेली? घरून विचार करून ये."

आता हे काय नवीन! आमच्या खिडकीले काच नाहीच. गज आहेत अन् लाकडी दारं. गजावर कुठं श्वास बसते?

मधल्या सुट्टीत मी ऑफिसपर्यंत गेली. पास झाली होती, तरी गेली, कारण पास झाली तरी समजलं तर नव्हतंच ना. क्लार्क म्हणे, "बोल, काय द्यायचं?" मी गाइड उघडलं. अर्ज त्याच पानात होता, जिथं खिडकी म्हणजे मृत्यू लिहिलेलं. अन् माझ्या डोक्यात भूगोल नव्हता, त्या बाईचा श्वासच चालू होता. इतक्या जवळ काऊन? मागची पोरगी म्हणे, "द्यायचं तं दे न वं लवकर, नाहीतर सरक." मी सरकली.

बसमधी खिडकीजवळ बसली अन् काचेवर श्वास सोडून पाह्यला. हाऽऽ. काहीच नाही. पुन्हा, जवळून. हाऽऽ. काच कोरडी ठक्क. ऑक्टोबरचं ऊन ते. बाजूची आजी म्हणे, "काय होऊन राह्यलं वं माय, मळमळते का? ड्रायव्हरले सांगू का गाडी थांबवाले?"

"नाई आजी, अभ्यास करून राह्यली."

आजी थोडी सरकून बसली.

मोताळ्याले उतरून सरळ दुकानात गेली. पप्पा चष्मा लावून तारेचे फेरे मोजत होते.

"काय झालं?"

"पास झाली."

"समजलं मंग?"

"नाई."

"मॅडमले?"

"तिलेही पुरं नाई."

पप्पानं तार खाली ठेवली. "मंग थे शिकवते काय?"

 मी अर्ज काढून समोर ठेवला. "दिला नाही. इंग्लिशच ठेवते."

"चालत नाही तरी?"

"चालते हो पप्पा. फक्त कशी चालते ते नाही समजत."

पप्पा माझ्याकडे पाहत राह्यले. बहुतेक त्यांच्या दुकानात अशी मोटर कधी आली नव्हती. मंग त्यांनी अर्ज उचलला, स्वतःची सही पाह्यली, अर्ज पालथा केला, अन् त्या कोऱ्या बाजूवर समोरच्या मोटरीचे फेरे लिहून घेतले. विसरून जाऊ नये म्हणून. इतकंच. "चहा घेशीन का?" म्हणे.

अन् चष्मा काढला. ग्रीसची बोटं चुकवून तोंडाजवळ नेला, हाऽ करून काचेवर श्वास सोडला अन् शर्टाच्या टोकानं पुसला.

मी ओरडलीच. "पप्पा! पुसायसाठी!"

"काय पुसायसाठी?"

पुसायसाठीच जवळ गेली असन ती! डाग निघत नसन, म्हणून श्वास सोडला असन! मी कविता काढली, तिथंच, टेबलावरची तार सरकवून. शेवटची ओळ वाचली. श्वास काचेवर बसते, अन् ती हातात फडकं घेऊन तशीच उभी राहते.

मंग पुसलं काऊन नाही तिनं?

"पप्पा," मी म्हणली, "तुम्ही हाऽ केलं, अन् नाही पुसलं, असं कधी झालं का?"

पप्पानं चष्मा डोळ्याले लावला. "चहा सांगतो थांब," म्हणे, अन् बाहेर गेले.